आमच्या प्राथमिक शाळेचे ग्रंथालय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तापीकाठच्या एका गावातील जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी आम्ही ग्रंथालय चालवतो. पालक, नव्याने रुजू झालेले शिक्षक आणि केंद्रातील इतर शाळांचे सहकारी त्याविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. ग्रंथालयाचा कार्यभार काही वर्षांपासून माझ्याकडे असल्यामुळे उत्तरांमध्ये नियमांबरोबर माझी मतेही आली आहेत. कोठे नियम संपतो आणि कोठे मत सुरू होते, हे वाचकांच्या सहज लक्षात येईल.

ग्रंथालयासाठी शाळेत वेगळी खोली आहे का?

पूर्ण खोली नाही. जुन्या कार्यालयाच्या खोलीचा अर्धा भाग ग्रंथालयाला मिळाला असून उरलेल्या अर्ध्या भागात पोषण आहाराचा तांदूळ आणि क्रीडासाहित्य ठेवलेले असते. एक लोखंडी कपाट, दोन लाकडी मांडण्या आणि खाली अंथरलेली सतरंजी एवढेच सामान आहे. भिंतीलगत मुलांच्या छातीइतक्या उंचीवर सुतळ्या बांधल्या असून पातळ पुस्तके त्यांवर दोरीवरच्या कपड्यांसारखी टांगलेली असतात. लहान मूल पुस्तकाच्या पाठीवरचे नाव वाचत नाही, ते मुखपृष्ठ पाहून पुस्तक उचलते. म्हणून नव्या मांडणीपेक्षा या सुतळीचा उपयोग अधिक झाला, असे मला वाटते.

प्राथमिक शाळेत ग्रंथालय असणे बंधनकारक आहे का?

होय. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. शाळेत कोणत्या सुविधा असाव्यात हे त्याच्या अनुसूचीत नमूद केले असून प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि तेथे वृत्तपत्रे, मासिके व गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके उपलब्ध असावीत, असे त्यात म्हटले आहे. गोष्टींच्या पुस्तकांचा कायद्यात स्वतंत्र उल्लेख आहे, ही बाब ‘गोष्टी वाचून काय होणार, अभ्यास करा’ असे म्हणणाऱ्या पालकांना मी आवर्जून सांगते.

मग ग्रंथपाल कोण असतो?

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत ग्रंथपालाचे स्वतंत्र पद नसते. वर्ग सांभाळून एक शिक्षक हे काम पाहतो. आमच्याकडे चौथी आणि पाचवीतील दोन मुले दर आठवड्याला आळीपाळीने बाल ग्रंथपाल होतात. पुस्तके मोजणे, देवघेव वहीत नोंद करणे आणि सुतळीवरची पुस्तके सारखी करणे ही कामे ती करतात, आणि खरे सांगायचे तर माझ्यापेक्षा अधिक काटेकोरपणे करतात.

पुस्तक घरी नेता येते का? किती दिवसांसाठी?

येते, आणि न्यावेच असा आमचा आग्रह असतो. बुधवार हा देवघेवीचा दिवस आहे. एका मुलाला एका वेळी एक पुस्तक सात दिवसांसाठी मिळते. आधी वाचून झाले तर मधल्या सुट्टीत बदलून घेता येते. देवघेव वहीत तारीख, मुलाचे नाव, पुस्तकाचा दाखल क्रमांक आणि सही असे चार रकाने आहेत. पहिलीच्या मुलांना जूनमध्ये नाव लिहिता येत नाही, म्हणून प्रत्येकाने आपले एक चिन्ह ठरवलेले असते: कोणाचा पतंग, कोणाचे केळीचे पान, कोणाची बैलगाडी. दिवाळीच्या सुट्टीनंतर ही चिन्हे हळूहळू कमी होऊन त्यांच्या जागी वाकडीतिकडी नावे दिसू लागतात. वहीची ती पाने मी जपून ठेवते. मुलांच्या लेखनाची प्रगती पाहण्यासाठी त्याहून चांगले साधन माझ्याकडे नाही.

पुस्तक फाटले किंवा हरवले, तर दंड भरावा लागतो का?

नाही. सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, आणि तो बहुधा दंडाला घाबरलेले पालक विचारतात. पुस्तक हरवल्यास पालकांनी शिक्षकांना कळवावे, एवढेच अपेक्षित आहे. आम्ही वहीत तशी नोंद करतो आणि वर्षाच्या शेवटी हरवलेल्या व वापरून जीर्ण झालेल्या पुस्तकांची यादी शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवून निर्लेखनाची, म्हणजे ती नोंदवहीतून कमी करण्याची, रीतसर कार्यवाही करतो. शक्य असेल आणि इच्छा असेल तर पालकांनी दुसरे कोणतेही बालपुस्तक द्यावे. पण तशी सक्ती नाही.

या धोरणामागे एक अनुभव आहे. पूर्वी मी ज्या शाळेत होते, तेथील पुस्तकांचे कपाट कायम कुलूपबंद असे. पुस्तक हरवले तर जबाबदारी कोणावर येईल, या भीतीने ते उघडण्याचे धाडस कोणी करत नव्हते आणि मीही तेव्हा नवीन असल्याने केले नाही. एके वर्षी तपासणीसाठी कपाट उघडले, तेव्हा खालच्या दोन्ही कप्प्यांना वाळवी लागलेली होती. वरून पुस्तके सुस्थितीत दिसत होती, पण हात लावताच आतला कागद मातीसारखा खाली सांडला. त्यांतील बहुतेक पुस्तकांवर एकाही मुलाच्या नावाची नोंद नव्हती. दाखल नोंदवहीत मात्र ती सर्व पुस्तके अगदी व्यवस्थित जमा होती.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक मानले जाणारे डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. त्यांपैकी पहिलाच सिद्धांत असा, की ग्रंथ हे उपयोगासाठी असतात. हाताळून फाटलेले पुस्तक कामी आलेले असते. वाळवीने खाल्लेले पुस्तक कोणाच्याच कामी आलेले नसते. हिशेबाच्या वहीत दोन्ही पुस्तके एकाच रकान्यात जातात, ही त्या वहीची मर्यादा आहे.

फाटलेली पुस्तके दुरुस्त कशी करता?

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी ‘पुस्तकांचा दवाखाना’ भरतो. चिकटपट्टी आम्ही वापरत नाही. सुरुवातीला मी ती सढळ हाताने वापरली होती. दोन उन्हाळ्यांतच ती पिवळी पडून सुटली, तिचा डिंक कागदात झिरपला आणि पाने एकमेकांना चिकटून बसली. खानदेशातील ऊन पाहता ते आधीच लक्षात यायला हवे होते.

आता आम्ही गव्हाच्या पिठाची पातळ खळ शिजवतो. पतंगाच्या पांढऱ्या, बिनरंगी कागदाची बोटभर रुंद पट्टी हाताने फाडतो; कात्रीने कापत नाही, कारण फाडलेल्या कडेचे तंतू पानात मिसळून जातात आणि जोड जाणवत नाही. फाटलेल्या दोन्ही कडा जुळवून त्यांवर खळ लावलेली पट्टी ठेवायची, कापसाच्या बोळ्याने हलकेच दाबायची, पानाच्या दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकचा कागद घालून पुस्तक मिटायचे आणि त्यावर रात्रभर वीट ठेवायची. रंगीत पतंगाचा कागद एकदा वापरून पाहिला होता. त्याचा गुलाबी रंग वाघाच्या चित्रावर उतरला आणि ते पुस्तक आता मुलांमध्ये ‘गुलाबी वाघाचे पुस्तक’ म्हणून ओळखले जाते. बाजारातील बाइंडिंगवाले खळीत मोरचूद घालतात, त्यामुळे कीड लागत नाही. परंतु मोरचूद विषारी असल्याने मुलांच्या हाती येणाऱ्या खळीत ते अजिबात घालू नये. खळ थोडी करावी आणि त्याच दिवशी संपवावी.

पुस्तकांवर पिवळे डाग दिसतात, ते कशाचे?

खिचडीचे. जेवणाच्या सुट्टीनंतर ग्रंथालयात येताना हात धुऊन व पुसून यावे, असा नियम आहे आणि तो सर्वांना पाठही आहे.

पहिलीच्या मुलाला वाचता येत नाही. त्याला पुस्तक कशासाठी देता?

वाचता यावे म्हणूनच देतो. पुस्तक सुलटे धरणे, पाने उजवीकडून डावीकडे एकेक उलटणे, चित्र आणि खालचा मजकूर यांचा काही संबंध आहे हे ओळखणे, या गोष्टी मूल अक्षरओळखीच्या आधी शिकते. ज्या घरात एकही पुस्तक नाही, त्या घरातील मुलाला हे शिकण्यासाठी शाळेचे पुस्तक हाच एक मार्ग असतो. चित्रे पाहून मूल स्वतःची गोष्ट रचून सांगत असेल, तर ‘तिथे असे लिहिलेले नाही’ असे म्हणून पालकांनी त्याला थांबवू नये. जी गोष्ट त्याने दहा वेळा अशी ‘वाचली’ आहे, तिच्यातील शब्द ते अकराव्या वेळी खरोखर ओळखते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

ग्रंथालयाच्या तासाला मुले नेमके काय करतात?

प्रत्येक वर्गाला आठवड्यातून दोन तासिका आहेत. पहिली काही मिनिटे पुस्तके परत करण्यात आणि नवीन निवडण्यात जातात. निवडीची घाई आम्ही करत नाही. चार पुस्तके चाळून पाचवे घेणारे मूल वेळ वाया घालवत नसते. निवड हीसुद्धा वाचनाची एक पायरी आहे. त्यानंतर शिक्षक एक पुस्तक मोठ्याने वाचून दाखवतात. या वेळी पुस्तक मुलांच्या दिशेने धरावे लागते, त्यामुळे मजकूर बाजूने किंवा वरून वाचण्याची सवय करावी लागते. नव्या शिक्षकांनी त्यासाठी आदल्या दिवशी पुस्तक दोनदा वाचून यावे. चित्र सर्व ओळींतील मुलांना दिसेपर्यंत पान उलटू नये. मागच्या ओळीतून ‘सर, दिखत नही’ अशी तक्रार आली, की गोष्ट तेथेच थांबते.

गोष्ट संपल्यावर ‘या गोष्टीवरून आपण काय शिकलो?’ हा प्रश्न आमच्याकडे विचारला जात नाही. तो विचारला, की मुले पाठ केलेल्या आवाजात ‘नेहमी खरे बोलावे’ असे उत्तर देतात, मग गोष्ट कावळ्याची असो की विहिरीची. त्याऐवजी ‘कोणते चित्र पुन्हा पाहायचे?’, ‘तू त्या जागी असतास तर काय केले असतेस?’ असे विचारावे. कोणी काहीच बोलले नाही, तरी चालते. उरलेल्या वेळात मुले आपापले पुस्तक घेऊन बसतात. कोणी जोडीने वाचते, कोणी खिडकीत. पूर्ण शांततेचा आग्रह नाही, कारण दुसरीपर्यंतची मुले मोठ्याने वाचतच वाचायला शिकतात.

काही तासिका हस्तलिखितासाठी राखून ठेवतो. साने गुरुजी अमळनेरला शिक्षक असताना छात्रालयातील मुलांसाठी रोज हाताने लिहून दैनिक काढत असत. आमच्याने रोज होत नाही. महिन्याला एक भित्तिपत्रक निघते. त्यातील ‘हरवले–सापडले’ हे सदर सर्वांत लोकप्रिय आहे.

आमच्या घरी अहिराणी बोलतात. मुलाला मराठी पुस्तक समजेल का?

समजेल, फक्त त्याला अहिराणीतून बोलू द्यावे. आमच्या वर्गात घरी अहिराणी बोलणारी, लेवा बोली बोलणारी आणि सातपुड्यातून सालदारकीसाठी, म्हणजे वर्षाच्या कराराने शेतावर राबण्यासाठी, आलेल्या कुटुंबांतील पावरी बोलणारी मुले एकत्र बसतात. पुस्तकातील ‘शेत’ हा शब्द वाचताना मुलाने ‘वावर’ म्हटले, तर ते चुकलेले नाही. त्याला अर्थ कळला, याचा तो पुरावा आहे. आम्ही तो शब्द फळ्यावर शेजारी लिहितो. ‘मुलगी’च्या शेजारी ‘आंडेर’ आणि ‘पुष्कळ’च्या शेजारी ‘गंज’ लिहिलेला फळा पाहून एका पाहुण्या अधिकाऱ्यांना प्रथम आश्चर्य वाटले होते.

तिसरीतील एक मुलगी घरी नेलेले पुस्तक आजीला वाचून दाखवते. एका बुधवारी ती पुस्तक बदलायला आली नाही, म्हणून विचारले, तर ‘आजी ‘आखो एक दाव’ म्हणते आणि तेच पुस्तक पुन्हा वाचायला लावते’ असे तिने सांगितले. नंतर लक्षात आले, की ती मराठी ओळ वाचून तिचे लगेच अहिराणी करत होती. तसे तिला कोणी शिकवलेले नव्हते. त्यानंतर आम्ही त्या आजींना शाळेत बोलावले आणि त्यांनी सांगितलेल्या दोन गोष्टी मुलांनी उतरवून घेतल्या.

अशी हाताने लिहिलेली, शिवलेली पुस्तके आमच्या ग्रंथालयात आहेत आणि त्यांनाही क्रमांक दिलेला आहे. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुली भुलाबाईची गाणी म्हणतात, तेव्हा त्या गाण्यांच्या वह्या तयार होतात. एकच गाणे दोन गल्ल्यांत वेगवेगळे म्हटले जाते, म्हणून वहीत दोन्ही पाठ ठेवले आहेत. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या ओव्या त्यांचे पुत्र सोपानदेव आणि घरातील मंडळींनी लिहून घेतल्या, म्हणून त्या आपल्यापर्यंत पोहोचल्या. पालकांना याहून दुसरे उदाहरण देण्याची मला कधी गरज पडलेली नाही.

पुस्तके कोणत्या पद्धतीने लावली आहेत?

रंगांच्या पट्ट्यांनी. चित्रपुस्तकांना हिरवी, थोडा मजकूर असलेल्यांना पिवळी आणि सलग वाचनाच्या पुस्तकांना लाल पट्टी आहे. मोठ्या ग्रंथालयांतील दशांश वर्गीकरण आठ वर्षांच्या मुलासाठी निरुपयोगी आहे. मात्र पट्टीचा रंग ही इयत्ता नव्हे: पाचवीच्या मुलाला हिरवे पुस्तक हवे असेल, तर ते त्याला कोणतीही टिप्पणी न करता द्यावे.

पुस्तके कोण निवडते आणि पैसे कोठून येतात?

समग्र शिक्षा योजनेत शाळेच्या स्तरानुसार वर्षाला ५,००० ते २०,००० रुपयांपर्यंत ग्रंथालय अनुदानाची तरतूद असून प्राथमिक शाळा त्यांतील सर्वांत खालच्या टप्प्यात येते. त्याखेरीज गावातील लोक वाढदिवसाच्या किंवा पुण्यतिथीच्या निमित्ताने काही रक्कम देतात. आलेले संच शिक्षक पाहतात, पण शेवटी काही पुस्तके मुलांपुढे पसरून त्यांना निवडायला लावतो. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल बुक ट्रस्टची बालपुस्तके कमी किमतीत चांगल्या छपाईची मिळतात. बालभारतीतर्फे १९७१ पासून निघणारे ‘किशोर’ मासिक आमच्याकडे येते. त्याचे जुने अंकही मुले तितक्याच आवडीने वाचतात. मोठ्या महापुरुषांच्या बारीक टायपातील चरित्रांचे गठ्ठे मात्र आता घेत नाही. ती चरित्रे महत्त्वाची आहेत, पण त्या स्वरूपात ती दहा वर्षांच्या मुलासाठी लिहिलेली नसतात आणि सुतळीवर वर्षभर तशीच लटकत राहतात.

मोबाइलवर गोष्टी मिळत असताना पुस्तकांची गरज काय?

मोबाइल बहुतेक घरांत वडिलांबरोबर वावरात किंवा कामावर गेलेला असतो. तो घरी असेल तेव्हा स्टोरीवीव्हरसारख्या संकेतस्थळांवर मराठी गोष्टी विनामूल्य वाचता येतात, अवश्य वाचाव्यात.

कापूस वेचणीच्या दिवसांत मूल शाळेत येत नाही. त्याला पुस्तक मिळू शकते का?

मिळते. दिवाळीच्या आसपास वेचणीला जोर आला, की धाकट्या भावंडांना सांभाळायला म्हणून काही मुले आईबरोबर शेतात जातात आणि वर्गातील पट रोडावतो. अशा मुलांसाठी कापडी पिशव्या शिवल्या आहेत. एका पिशवीत तीन पुस्तके असतात आणि ती शेजारच्या मुलाच्या हाती घरी पाठवली जाते. मूल शाळेत यावे, यासाठीचे प्रयत्न वेगळे चालूच असतात. ते येईपर्यंत त्याचे वाचन थांबू नये, एवढाच पिशवीचा हेतू आहे. पिशव्या परत येतात त्या बऱ्याचदा सरकीच्या तंतूंसह.

पालकांना पुस्तक मिळते का?

मिळते. मुलाच्या नावावर मोठ्यांसाठीचे एक जास्तीचे पुस्तक नेता येईल.

वाळवी, उंदीर आणि धुळीपासून पुस्तके कशी वाचवता?

कपाट भिंतीपासून वीतभर पुढे आणि विटांवर ठेवले आहे, म्हणजे वाळवीची मातीची नळी चढू लागली तर दिसते. पावसाळ्यानंतर ऑक्टोबरमध्ये सर्व पुस्तके बाहेर काढून व्हरांड्याच्या सावलीत उघडी ठेवतो. थेट उन्हात ठेवू नयेत, कागद ठिसूळ होतो आणि रंग उडतो. कसर लागू नये म्हणून वाळवलेला कडुनिंबाचा पाला फडक्यात बांधून ठेवतो आणि दर काही महिन्यांनी बदलतो. डांबर गोळ्या ठेवू नयेत, मुले त्या तोंडात घालण्याचा धोका असतो. बाकी सर्वांत चांगला उपाय म्हणजे पुस्तके सतत हलती ठेवणे.

वाचन प्रेरणा दिन साजरा होतो का?

होतो. १५ ऑक्टोबरला, डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जयंतीदिनी, भाषणे आटोपती घेऊन संपूर्ण शाळा, शिक्षकांसह, पाऊण तास वाचत बसते. स्वयंपाकी ताईही त्या दिवशी पुस्तक घेतात. छायाचित्र पाठवावे लागते. ते वाचन संपल्यावर काढावे, अशी माझी सहकाऱ्यांना विनंती आहे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ग्रंथालय बंद असते का?

मार्चपासून सकाळची शाळा असते, तेव्हा देवघेव शाळा सुटण्यापूर्वी होते. सुट्टी लागताना प्रत्येक मुलाला पाच पुस्तके दिली जातात आणि ती जूनमध्ये परत घेतली जातात. बंद खोलीत पंचेचाळीस अंशांच्या उष्णतेत पडून राहण्यापेक्षा ती घराच्या ओट्यावर अधिक सुखात असतात.

एक अडचण येथे सांगितली पाहिजे. सालदारांचे वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, संपते. त्या दिवशी जुना करार मिटतो, नवा ठरतो, आणि काही कुटुंबे सामान घेऊन दुसऱ्या गावी जातात. ती मुले जूनमध्ये आमच्या शाळेत येणार नसतात, हे त्यांनाही बहुधा आदल्या आठवड्यापर्यंत ठाऊक नसते. शाळेची दाखल नोंद असलेली पुस्तके अशी देऊन टाकता येत नाहीत. म्हणून लोकांनी भेट दिलेल्या पुस्तकांपैकी काही आम्ही समितीच्या संमतीने नोंदवहीत न चढवता एका वेगळ्या पेटीत ठेवतो. आखाजीच्या आधी त्या पेटीतून मूल स्वतः एक पुस्तक निवडते, त्यावर त्याचे नाव शाईने लिहून दिले जाते, आणि ते पुस्तक परत मागितले जात नाही. आपल्या घरी मुलांची जुनी पण न फाटलेली पुस्तके असतील, तर ती या पेटीसाठी मार्चअखेरपर्यंत शाळेत आणून द्यावीत. पाठ्यपुस्तके, व्यवसायमाला आणि वापरलेल्या वह्या मात्र आणू नयेत.